गोंडा, टिकली आणि गळ

कर्जत स्टेशनात पुण्याची गाडी थांबते ती बटाटेवड्यासाठी, असा मुंबईकरांचा जुना समज आहे. खरे कारण निराळे. घाट चढायला गाडीच्या पाठीशी आणखी इंजिने लावावी लागतात, आणि ती लागेपर्यंत जो वेळ मिळतो त्यात वडेवाल्यांचे साधते. दिवाडकरांचा वडा हातात पडला, गाडी हलली, की कर्जत मागे राहते. पुढे बोगदे, दऱ्या आणि लोणावळ्याची चिक्की. कर्जतला उतरायचेही असते, हे फार थोड्यांना सुचते.

त्या थोड्यांतला मी एक. बँकेतून निवृत्त होऊन सात वर्षे झाली. महिन्यातून दोनदा तरी खांद्याला पिशवी आणि हातात बांबूची लांब, निमुळती काठी घेऊन मी पहाटेच्या कर्जत लोकलमध्ये बसलेला असतो. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर असाच निघालो होतो, तर तिकीट तपासनीस काठीकडे पाहून म्हणाला, "काय आजोबा, दिवाळीची जळमटं काढायला निघालात?" मी मान डोलावली. खरे सांगितले असते, तर पुढची दोन स्टेशने स्पष्टीकरणात गेली असती.

खरे असे, की मी मासे पकडायला जातो, आणि तेही खोट्या माशीने. इंग्रजीत तिला फ्लाय म्हणतात. आम्ही आपली माशी म्हणतो, आणि त्यामुळे माशी कुठली नि मासा कुठला असा घोटाळा घरात नेहमी होतो. गळावर दोरा, लोकर, पिसे बांधून पाण्यावर पडलेल्या किड्याचे सोंग उभे करायचे, मासा फसला तर आपले नशीब, एवढेच या शास्त्राचे सार. लहानपणी मामाच्या गावी गांडूळ लावून गळ टाकला होता. म्हातारपणी या सोंगाचा नाद लागला.

त्याला कारण माझा अमेरिकेतला पुतण्या. त्याने एक छोटी पारदर्शक डबी पाठवली. आत कापसासारख्या गादीत रोवून बसवलेल्या बारा माश्या. काय त्यांचे रूप! एकीचे अंग सोनेरी, एकीचे पंख करडे, एकीच्या गळ्यात तांबूस पिसांची झालर. एकेकीची किंमत तीन डॉलर, म्हणजे आपल्या अडीचशे रुपयांच्या घरात. ही घरात बोललो नाही. डबी मात्र आठवडाभर उशाशी होती.

त्या बारा जणींना घेऊन मी कोंदिवड्याला गेलो. कर्जतहून कोंढाणे लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव आहे. उल्हास नदी राजमाचीच्या कुशीतून निघते आणि इथे अजून तिचे बाळपण संपलेले नसते. खडकांतून उड्या मारते, मध्येच एखाद्या डोहात दम खाते, पुन्हा पळते. हीच नदी पुढे बदलापूर, कल्याण पाहून वसईच्या खाडीला मिळते, आणि तिथवर जाता जाता तिचे जे काय होते ते तुम्ही कल्याणच्या पुलावरून पाहिलेच असेल. पण अश्विनात कोंदिवड्याला पाहावी! पावसाचा गढूळपणा बसलेला असतो, तळचा गोटा न् गोटा दिसतो, आणि काठावरची करंजे व उंबर पाण्यावर ओणवे होऊन आपले तोंड पाहत असतात.

या ओणव्या झाडांनीच माझा घात केला. माशी टाकायची तर दोरी मागे झुलवावी लागते, आणि मागे करंज! पुढे टाकावी तर समोर उंबर. दुपारपर्यंत बारापैकी आठ माश्या झाडांवर चढल्या. पलीकडच्या काठावर एक कातकरी आपल्या मुलीसह बसला होता. मुलगी अकरा-बारा वर्षांची असावी. दोघांनी पाण्यात दगडांची ओळ रचून बांबूच्या कामट्यांचा पिंजरा लावला होता. बराच वेळ माझे चाळे पाहून त्याने हाक मारली,

"काय गावलं, शेठ?"

"झाडं," मी म्हणालो.

मुलगी इतकी हसली, की तिला पिंजरा धरवेना. बाप हसला नाही. जवळ येऊन त्याने उरलेल्या चारांतली एक माशी बोटांवर घेऊन निरखली. "ही खाऊन मासा काय करंल? तो काय येडा हाय?" मी त्याला समजावू लागलो, पण माझ्याकडे पुरावा नव्हता. त्याच्या पिंजऱ्यात होता.

परतताना हिशेब केला. दोन हजार रुपये करंजाला आणि उंबराला अर्पण झाले होते. पुतण्याला आता काय लिहावे? गाडीला अवकाश होता म्हणून बाजारातून रेंगाळत निघालो आणि एका कटलरीच्या दुकानापुढे थबकलो.

वाचकांपैकी जे शहरात वाढले त्यांना सांगायला हवे, की कटलरीच्या दुकानात सुऱ्या-काटे मिळत नाहीत. मिळतात बांगड्या, रिबिनी, बटणे, पिना, लोकर, भरतकामाच्या लडी, टिकल्या, मणी, लेस, मुंडावळ्या, शाळेच्या हस्तकलेचे चमकते कागद, आणि दिवाळी जवळ आली, की आकाशकंदिलांच्या झिरमिळ्या. दारातच गोंड्यांची माळ टांगली होती, जरीच्या टोकाचे लाल, काळे, पिवळे गोंडे. मी एक हातात घेतला. त्याचे रेशमी धागे वाऱ्यावर हलले आणि मला अमेरिकेच्या डबीतली सगळ्यात महागडी माशी आठवली. तिचे शेपूट असेच तर होते!

आत एक ताई बसल्या होत्या. मी एकेक वस्तू मागू लागलो. लाल लोकरीचा गुंडा, काळ्या लोकरीचा गुंडा, चंदेरी टिकल्यांचे पाकीट, मीटरभर चमकीची लेस, मुलांच्या हस्तकलेचा काळा फोम, अर्धा डझन गोंडे आणि एक बिनरंगी नेलपॉलिश.

"रुखवताला का हो, काका?" ताईंनी विचारले.

हो म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण तोंडातून गेले, "नाही, माशांसाठी."

"माशांना टिकल्या?" त्यांनी चष्मा वर केला. मग हळूच म्हणाल्या, "आणि नेलपॉलिश पण?"

सगळे मिळून दीडशे रुपये झाले. त्यात माझ्या हिशेबाने निदान शंभर माश्या होणार होत्या. गळ तेवढे कटलरीत मिळत नाहीत. ते मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून आणायचे, आणि तिथे कंजुषी करू नये. वाईट गळ ऐन वेळी वाकतो.

आता माशी बांधायची कशी ते थोडक्यात सांगतो. साहेब लोक यासाठी खास शेगडे वापरतात. मी घरातली पकड घेतली, तिच्या मुठीला रबर गुंडाळले, की जबडा आपोआप मिटून राहतो. त्या जबड्यात गळ धरायचा. शिवणाच्या दोऱ्याचे वेढे घालत गळाच्या बुडाशी यायचे. तिथे गोंड्याचे आठ-दहा धागे बांधले, की शेपूट झाले. मग लोकर गुंडाळत पुढे यायचे, हे अंग. अंगावरून चमकीच्या लेसचा एक धागा जिन्यासारखा फिरवत आणायचा, किड्याच्या अंगावरचे वळसे तयार. सगळ्यात शेवटी मान. गावठी कोंबड्याच्या मानेचे लांब, अरुंद पीस देठाशी बांधायचे आणि उभे धरून तीन वेढे द्यायचे, म्हणजे त्याचे केस चहूकडे ताठ उभे राहतात आणि पाण्यात पायांसारखे हलतात. गाठ मारून वर नेलपॉलिशचा थेंब. तो वाळला, की गाठ दगडावर आपटली तरी सुटत नाही. पिसे विकत घेण्याची गरज नाही. चिकनच्या दुकानातला पोरगा पिशवीभर फुकट देतो. धुऊन घ्यावी लागतात, आणि ती कुठे वाळत घालायची हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरी सोडवावा. आमच्या घरी तो अजून सुटलेला नाही.

माझी पहिली माशी भिजलेल्या कावळ्यासारखी दिसत होती. पत्नीने ती पाहिली आणि म्हणाली, "अहो, ही बघून मासा पळून नाही का जायचा?" दहावी माशी बरी झाली. विसावी पुतण्याच्या डबीत चोरून ठेवली तर ओळखू आली नसती, निदान चष्म्याशिवाय.

पण हे करताना मनात एक टोचणी होती, की आपण अस्सल मालाची स्वस्त नक्कल करतो आहोत. ती गेली एका जुन्या माहितीने. कृत्रिम माशीने मासे धरल्याचे फार जुने वर्णन ईलियन नावाच्या रोमन लेखकाने इसवी सन २०० च्या सुमारास लिहून ठेवले आहे. मॅसिडोनियातल्या एका नदीवरचे कोळी काय करीत? गळाला लाल लोकर गुंडाळीत आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधीत. बस्स. लाल लोकर आणि कोंबड्याचे पीस! अठराशे वर्षांपूर्वीचा तो माल कर्जतच्या ताईंच्या दुकानात आणि चिकनवाल्याच्या टोपलीत आजही मिळतो. जपानच्या डोंगरांत 'तेंकारा' म्हणून प्रकार आहे. त्यात चाक नाही, लांब काठी, तिला बांधलेली दोरी आणि टोकाला दोरा-पिसाची साधी माशी. ती डोंगरी मंडळी हौसेने मासे धरत नसत. खालच्या धर्मशाळांना विकून पोट भरत. माझी बांबूची काठी तरी दुसरे काय आहे?

ही कला महाग झाली ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज धनिकांच्या हातात. सामन माशासाठी त्यांनी जगभरची पिसे गोळा केली, आणि त्यातली एक अगदी मानाची वस्तू गेली आपल्या सह्याद्रीसारख्या डोंगरांतून. करड्या रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणचट पिवळे ठिपके असतात, एनॅमलचे थेंब पडल्यासारखे. माशीला डोळे म्हणून ती बांधत. पहाटे कोंढाण्याच्या रानातून ज्याची बांग ऐकू येते तोच हा कोंबडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आता त्याच्यावर आहे, आणि ते बरेच आहे. बांग मला पुरते.

दुसरी खेप खोपोलीची केली. कर्जतहून खोपोलीची गाडी म्हणजे पंधरा किलोमीटरची एक छोटी सहल. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. आज या फाट्याला कोणी विचारत नाही, पण एके काळी हाच हमरस्ता होता. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि घाटाच्या पायथ्याशी थांबली. पुण्याला जाणाऱ्यांनी इथे उतरायचे, पालखी, तट्टू, जे मिळेल त्यावरून घाट चढायचा आणि वर पुन्हा गाडी धरायची. १८६३ साली बोरघाटाची लाईन खुली झाली आणि खोपोली बाजूला पडली. गावात नाना फडणविसांनी बांधलेले महादेवाचे देऊळ आणि मोठा तलाव आहे. तिथे काठीसह क्षणभर टेकलो. काठी बाहेर काढली नाही.

माझे काम होते पाताळगंगेवर. या नदीचे नाव पाताळाचे, पण पाणी वरून आलेले. लोणावळ्याच्या माथ्यावर टाटांनी धरणे बांधली, तिथले पाणी नळांतून सतराशे फुटांहून अधिक खाली खोपोलीच्या वीजघरावर सोडले, आणि १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना त्या विजेचा पुरवठा सुरू झाला. चाके फिरवून मोकळे झालेले पाणी पाताळगंगेला मिळते. म्हणून ही नदी वैशाखातही वाहती असते. कर्जतकडे हेच भिवपुरीच्या वीजघराने केले. ते १९२२ सालचे. तिथले पाणी राजनाल्यातून शेतांना मिळते, आणि भर उन्हाळ्यात कर्जतला हिरवे भात डोलताना दिसते. पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराला जायचे पाणी असे पश्चिमेला वळले.

त्या माथ्यावरच्या पाण्यातला राजा म्हणजे महसीर, आपल्याकडची खडशी किंवा खडस. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा नावांसाठी तो लॅटिनच्या कोशात फारसा शिरला नाही. कोळ्यांना विचारले आणि तेच लिहिले. खुद्री, कोळस, नुक्ता, शिंगटी, ही आपली नावे आज जगभरच्या ग्रंथांत आहेत. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून या खुद्रीची पिल्ले वाढवली जातात. ती दूर कावेरीतही सोडली गेली, आणि तिथे त्यांनी मूळच्या मोठ्या महसीरालाच मागे रेटले. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचा असाही हिशेब निघतो.

मला अर्थात महसीर दिसला नाही. पाताळगंगेच्या काठाने चालणेच कठीण झाले आहे. एकीकडे कारखाने, दुसरीकडे बंगल्यांची कुंपणे थेट पाण्यापर्यंत. एका कुंपणाआडून कुत्रा भुंकला, दुसऱ्याआडून राखणदार. शेवटी एका पुलाखाली बोटभर मोकळी जागा मिळाली. पाणी किंचित गढूळ होते. टिकली शिवलेली माशी टाकली. तिसऱ्या खेपेला काठीला झटका बसला आणि तळहाताएवढी चिलापी वर आली. आफ्रिकेचा हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि आता डबक्या-डबक्यात आहे. जाणकार त्याच्या नावाने नाक मुरडतात. मी त्या चिलापीला मनोमन नमस्कार केला. दहा रुपयांच्या पाकिटातल्या एका टिकलीने ती आणली होती! एका गोष्टीची खात्रीही पटली. मासा खालून पाहतो, आकाशाच्या उजेडावर त्याला किड्याची सावली दिसते, तेव्हा स्वच्छ पाण्यात आकार आणि हालचाल महत्त्वाची, गढूळ पाण्यात चमक. अमेरिकेच्या डबीतले नाजूक रंग मासेवाल्यांसाठी असतात, माशांसाठी नव्हे.

दिवाळीला चार दिवस असताना पुन्हा कोंदिवड्याला गेलो. या वेळी पिशवीत एक वेगळी वस्तू होती. काळ्या फोमचा पाण्यावर तरंगणारा बेडूक, मागे गोंड्याचे दोन पाय. हा मरळ माशासाठी. मरळ म्हणजे डोहातला दरोडेखोर. काठाच्या गवताखाली दबा धरून बसतो आणि बेडूक, सरडा, जे पाण्यावर हलेल त्यावर झडप घालतो. पावसाळ्यात नर-मादी आपल्या पिल्लांच्या घोळक्याची राखण करतात, तेव्हा मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. चिडून तो कशावरही तोंड टाकतो, आणि आईबाप गेले, की पिल्ले उघडी पडतात. वलगणीचेही तेच. पहिल्या पावसात अंडी घालायला शेतात चढणारा मासा कंदील लावून उपसण्यात कोकण पिढ्यान्‌पिढ्या आनंद मानत आला आहे, मीही लहानपणी मानला आहे. पण आता नद्यांत मासा तेवढा राहिलेला नाही.

मी काठी जोडतो आहे तोच ती मुलगी उड्या मारत आली. हात पुढे केला. तळहातावर सागाच्या पानात गुंडाळलेल्या चार माश्या. अमेरिकेच्या!

"झाडावरचं मासं," ती म्हणाली.

"अगं, पण तू चढलीस कशी एवढ्या वर?"

तिने या प्रश्नाला उत्तर देण्यासारखे काही आहे असे मानले नाही. मग जरा ओशाळून म्हणाली, "पाच व्हत्या. एक उसवून बघितली."

बाप मागून आला. "शेठ, रागवू नका. तिला समद्याच्या आत काय हाय ते बघायचं असतंय."

मी रागावलो नाही. खाली बसून पिशवीतले सामान पसरले आणि एक माशी तिच्यासमोर बांधली. ती डोळे न हलवता पाहत होती.

मग मी डोहाकडे वळलो. बेडूक गवताच्या कडेला अलगद टाकला, दोनदा हलवला. पाणी फुटले. काठी कमानीसारखी वाकली, दोरी तारेसारखी वाजू लागली. पाच-सात मिनिटे मी आणि तो एकमेकांना ओढत होतो. शेवटी काठावर आला तो सव्वा किलोचा तरी मरळ असेल, काळाभोर, सापासारख्या डोक्याचा. बाप-लेक माझ्यापेक्षा जास्त आनंदाने ओरडले.

आणि मी तो सोडून दिला.

परदेशी मासिकांत वाचून ही सवय लागली होती. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकायचा, म्हणजे गळ सहज निघतो, आणि मासा पाण्यातच धरून हळूच मोकळा करायचा. अशाने नदीत मासा टिकतो. मी अगदी नियमाप्रमाणे केले. मरळ शेपटीचा एक फटका मारून खाली गेला, मी हसत मागे वळलो, तर दोघे गप्प उभे होते.

"सोडला?" मुलगी म्हणाली.

मरळ बाजारात चिकनहून महाग विकतो. त्या माणसाच्या पिंजऱ्यात सकाळपासून मूठभर बारके मासे आणि चार खेकडे होते. मी काहीतरी सांगू लागलो, नदी, पुढची पिढी वगैरे. त्याने शांतपणे ऐकले.

"खरं हाय, शेठ. पोट भरलेलं असलं, की सोडता येतंय."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. नदीचा मासा कमी होतो आहे हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. वर कोणीतरी पाण्यात सुरुंग लावतात, कोणी ब्लिचिंग पावडर टाकतात, आणि सगळ्यांचे नाव कातकऱ्यावर येते. गेळाची फळे ठेचून मासे गुंगवण्याची रीत त्याच्या आज्यापर्यंत होती, असे त्यानेच सांगितले. "पण ते डबक्यात. नदी नाय कोन मारीत."

कातकरी हे नाव कातावरून आले, खैराचा कात काढणारे ते कातकरी. रानाचे कायदे बदलले तसा तो धंदा गेला, आणि आता दिवाळी सरली, की रायगडातल्या वाड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. हे दोघेही जाणार होते. मुलीची शाळा? "तिथं कुठली शाळा," एवढेच तो म्हणाला.

आमचे बोलणे चालू असताना मुलगी गायब झाली होती. पाहतो तर खालच्या धारेत गुडघाभर पाण्यात उभी. हातात निरगुडीची फोक, तिला माझीच दोरी, आणि टोकाला माझ्या बारीक गळांपैकी एक. त्यावर लाल लोकरीचे चार वेढे आणि एक कोंबड्याचे पीस. शेपूट नाही, लेस नाही, नेलपॉलिशसुद्धा नाही. ईलियनचे नाव तिने ऐकलेले असणे शक्य नव्हते! फोक झटकून ती माशी धारेवर टाकी, धार माशीला नाचवीत नेई, आणि बोटाएवढा चंदेरी मासा उचलून ती परकराच्या ओच्यात टाकी. तासाभरात अकरा मासे. सोडला एकही नाही, आणि मी त्यावर अक्षर बोललो नाही.

निघताना मी तिला डझनभर गळ आणि उरलेली काळी लोकर दिली. लाल तिने आधीच संपवली होती. आणखी लागली तर कुठे मिळते ते सांगितले, बाजारातल्या ताईंच्या दुकानाची खूण दिली. बापाने डोके खाजवले. "भट्टीवर कुठली असली नदी? तिथं खाडीचं पानी, मळकं."

मुलीने थोडा विचार केला. "मळक्या पान्यात काळी चालंल का टिकलीवाली?"

बँकेत तीस वर्षे काढून, पुतण्याची डबी वापरून आणि पाताळगंगेवर एक दिवस घालवून मी ज्या प्रश्नाशी पोहोचलो होतो, तिथे ती एका दुपारीत आली होती.

"टिकलीवाली," मी म्हणालो.

कार्तिकी पौर्णिमेनंतर पुन्हा गेलो. वाडीवर झोपडीच्या दाराला काटेरी फांदी लावलेली होती. डोहात तास-दोन तास काठी टाकली, पण मन लागेना. लवकरच स्टेशनाकडे वळलो. बाजारात ताईंच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हते, कंदिलांच्या झिरमिळ्या उतरवून त्या खोक्यात भरत होत्या. मी लाल लोकर मागितली.

"लाल संपली हो, काका. तुमची ती पोर आली होती ना, बापाबरोबर, भट्टीला जायच्या आदल्या दिवशी. शेवटचा गुंडा तिनं नेला. पाच रुपये कमी होते, म्हटलं राहू दे."

"आणि टिकल्या?"

"दोन पाकिटं. मी रंगीत दाखवल्या, लाल, हिरव्या, पोरींना आवडतात म्हणून. तर नको म्हणाली. चंदेरीच द्या."